चक बांधण्यापासून सुरुवात : लेथ शिकतानाचा अनुभव

पुण्यातील एका कारखान्याच्या डिझाइन विभागात मी बरीच वर्षे शाफ्ट, पुली आणि बेअरिंग हाउसिंग यांची ड्रॉइंग्ज काढली, त्यांवर मायक्रॉनमधले टॉलरन्स (मापात चालणारा फरक) लिहिले आणि ते भाग प्रत्यक्षात उतरवण्याचे काम इतरांवर सोपवले. काकांनी काम थांबवल्यावर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील त्यांचे छोटे वर्कशॉप पाहण्याची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा लेथ (धातूचा तुकडा फिरवत ठेवून तो टूलने कापणारे मशीन) स्वतः चालवता आल्याखेरीज या जागेत कोणाला काही सांगणे बरे दिसणार नाही, असे माझ्या मनाने घेतले. काकांच्या वेळेपासून तिथे असलेल्या मिस्त्रींनी शिकवायचे कबूल केले, पण एका अटीवर : चक (जबड्यांनी तुकडा पकडून फिरवणारा भाग) उतरवणे, साफ करणे, पुन्हा चढवणे आणि त्यात जॉब (कापायचा तुकडा) धरणे हे सगळे बंद मशीनवर नीट जमल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. लेथ शिकणे म्हणजे टूल चालवणे शिकणे, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात सुरुवातीचा बराच काळ मी टूलपोस्टकडे (टूल धरणाऱ्या भागाकडे) फिरकलोही नाही.

वर्कशॉपमध्ये दोन लेथ आहेत. पहिला बटाल्याहून आणलेला, कोन पुली (पायऱ्यांची पुली) आणि बेल्टवर चालणारा जुना लेथ. त्याच्या स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या दांड्याच्या) नाकावर आटे आहेत आणि चक त्या आट्यांवर फिरवून बसवावा लागतो. दुसरा राजकोटचा, ऑल गिअर पद्धतीचा (बेल्टऐवजी गिअरने वेग बदलणारा) आणि कॅमलॉक स्पिंडलचा (चक आट्यांऐवजी पिनांनी आवळला जातो असा). आमच्याकडे येणारे बहुतेक काम म्हणजे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रींतून ओतून आलेली बिडाची (ओतीव लोखंडाची) कास्टिंग्ज, म्हणजे पंपाच्या पुली, कपलिंग आणि फ्लँज (रुंद चकतीसारख्या कडा), आणि त्यांच्या जोडीला माइल्ड स्टीलचे शाफ्ट. तीन जबड्यांच्या चकला इथे ट्रू चक म्हणतात आणि चार स्वतंत्र जबड्यांच्या चकला डॉग चक. पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

मिस्त्रींनी पहिल्यांदा दाखवली ती विजेची जोडणी. जुन्या लेथवर मोटारीला थेट ड्रम स्विच जोडलेला होता : मधे बंद, एका बाजूला सुलटा, दुसऱ्या बाजूला उलटा. छोट्या वर्कशॉपमध्ये ही जोडणी सर्रास आढळते, कारण ती स्वस्त आहे आणि क्वचितच बिघडते. तिचा धोका चालू मशीनवर कळत नाही, वीज गेल्यावर कळतो. काम चालू असताना लाइट गेली, मशीन थांबले, टर्नरने (लेथ चालवणाऱ्याने) स्विच आहे तिथेच ठेवून जॉब सैल करण्यासाठी चकमध्ये चावी घातली आणि तेवढ्यात लाइट आली, तर मशीन आपोआप सुरू होते. भारनियमनाच्या काळात हे प्रसंग कल्पनेतले नव्हते. जुन्या लेथच्या बेडवर (खालच्या लांब पायावर) चकच्या बरोबर खाली एक खोल, तिरपी खूण आहे आणि ती अशाच एका चावीची आहे. यावरचा उपाय फार खर्चाचा नाही. नो व्होल्ट कॉइल असलेला स्टार्टर मधे घातला की वीज जाताच कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत मोटार फिरत नाही. माझ्या हातून वर्कशॉपमध्ये झालेला पहिला खर्च हाच होता. त्याच वेळी लाल रंगाचे, छत्रीच्या आकाराचे इमर्जन्सी बटण डाव्या हाताला, चकवरून हात न नेता पोचेल अशा जागी बसवून घेतले. बऱ्याच मशीनवर हे बटण हेडस्टॉकच्या (स्पिंडल ज्यात बसतो त्या डाव्या भागाच्या) मागच्या बाजूला असते आणि नेमक्या अडचणीच्या क्षणी त्याच्यापर्यंत पोचण्यासाठी फिरत्या चकवरून हात न्यावा लागतो, हे मला न उलगडणारे कोडे आहे.

राजकोटच्या लेथवर वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे मोटार चालूच राहते आणि ॲप्रनजवळचा (टूल नेणाऱ्या सरकत्या भागाच्या दर्शनी बाजूजवळचा) दांडा वर-खाली केला की क्लच लागून स्पिंडल फिरू लागतो. वाकून काम करताना मांडीचा किंवा कोपराचा धक्का या दांड्याला सहज लागतो. म्हणून चकशी संबंधित कोणतेही काम करताना दांडा मधे आणून भागत नाही, मेन स्विच पाडावा लागतो. माप घेण्यासाठी थांबतानाही मिस्त्री मोटार बंद करतात. त्यात जाणारे काही सेकंद मला आरंभी फुकट वाटत असत. मशीनवर रोज वाकू लागल्यावर तसे वाटणे बंद झाले.

कपड्यांची तपासणी मिस्त्री शाळेतल्या मास्तरांप्रमाणे करतात. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आत खोचलेला. अंगठी, कडे, घड्याळ आणि मनगटाचा गंडा काढून खणात. गळ्यात ओळखपत्राची दोरी नाही. केस लांब असतील तर टोपीखाली. आमच्याकडे घाम पुसण्यासाठी खांद्यावर टॉवेल टाकायची किंवा कॉलरमध्ये रुमाल अडकवायची सवय अनेकांना आहे आणि तिच्यावर मिस्त्रींचा विशेष राग आहे. हातमोज्यांबद्दल मी मुद्दाम विचारले, कारण डिझाइन विभागात असताना सुरक्षेची साधने म्हटली की हेल्मेट आणि हातमोजे एका दमात घेतले जात. लेथवर मात्र हातमोजा हाच धोका असतो. उघड्या बोटाला फिरत्या जबड्याचा स्पर्श झाला तर कापते, खरचटते, कधी हाडही मोडते. पण हातमोज्याचा एखादा धागा जरी जबड्यात किंवा चिपमध्ये (कापून निघणाऱ्या धातूच्या फितीत) अडकला तरी तो सुटत नाही, गुंडाळला जातो आणि मागोमाग हात ओढून नेतो. धारदार कडांचे कास्टिंग उचलताना हातमोजे घालायचे आणि मशीन सुरू करण्याआधी ते काढून ठेवायचे, असा आमचा रिवाज आहे. चष्मा मात्र सतत डोळ्यांवर असतो, कारण बिडाची चिप लांब सुटत नाही, तिचे बारीक गरम कण उडतात.

त्यानंतर चक उतरवणे आले. आमचा २०० मिलिमीटरचा ट्रू चक साधारण पंधरा किलोचा आहे आणि मोठा डॉग चक त्याच्या दुपटीहून जड. ही वजने उचलता येतात, परंतु आट्यांवरून सुटण्याच्या क्षणी चक अनपेक्षितपणे पूर्ण वजनानिशी हातात येतो, आणि त्याच्या खाली बेडच्या कडा असतात. मधे सापडलेल्या बोटांचे काय होते, ते वेगळे सांगायला नको. म्हणून बेडवर बसणारा एक लाकडी पाळणा तयार ठेवला आहे : खालून बेडच्या उतारांशी जुळणारी खाच आणि वरून चकच्या गोलाईला साजेसा खोलगा, उंची अशी की चक स्पिंडलवर असतानाच त्यावर टेकावा. पाळणा सरकवून मगच चक सैल करायचा. डॉग चक असेल तर पाळणा असूनही दोघांनी मिळून तो हाताळायचा.

आट्यांचा चक सैल करण्याची जी रीत मला शिकवली, ती अशी. बॅक गिअर (स्पिंडलचा वेग कमी करून जोर वाढवणारा) टाकायचा, लेथच्या मागच्या बाजूला बेड आणि एक जबडा यांच्यामध्ये कठीण लाकडाचा ठोकळा ठेवायचा आणि बेल्ट हाताने उलट्या दिशेला ओढायचा. जबडा ठोकळ्यावर टेकून थांबतो, स्पिंडल मात्र उलटा फिरू पाहतो आणि आट्यांची पकड सुटते. हे काम मोटारीने करण्याचा मोह अनेकांना होतो, कारण जुना चक घट्ट बसलेला असतो. मोटारीने केल्यास ठोकळा उडतो, जबडा तुटतो किंवा चक एकदम सुटून खाली येतो. आट्यांच्या चकचा आणखी एक दोष लक्षात ठेवावा लागतो. मशीन लवकर थांबावे म्हणून चालत्या लेथला उलटा स्विच देण्याची जी पद्धत आहे, तिला आमच्याकडे रिव्हर्स मारणे म्हणतात. स्पिंडल झटक्यात थांबतो, पण जड चक आपल्या गतीने पुढे फिरत राहतो आणि त्या नादात आट्यांवरून उलगडत बाहेर येतो. चालत्या वेगात निसटलेला पंधरा किलोचा चक कुठे जाईल, हे कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून बटाल्याच्या लेथवर रिव्हर्स मारायला सक्त मनाई आहे आणि मशीन आपल्या आपण थांबेपर्यंत हात बाजूला ठेवून उभे राहायचे असते. चक हाताच्या तळव्याने दाबून थांबवणारेही मी पाहिले आहेत. मिस्त्रींसमोर मात्र तसे कोणी करत नाही.

कॅमलॉकला हा धोका नाही. चकच्या पाठीवरच्या पिना स्पिंडलच्या भोकांत जातात आणि प्रत्येक कॅम चौकोनी चावीने फिरवून आवळला की चक उलटसुलट कोणत्याही दिशेला पक्का राहतो. पण इथे खुणा पाहाव्या लागतात. प्रत्येक कॅमवर एक रेघ असते आणि आवळल्यानंतर ती रेघ घड्याळातील तीन आणि सहा यांच्या दरम्यान थांबली पाहिजे. ती सहाच्या पुढे गेली किंवा तीनच्या अलीकडेच अडली, तर ती पिन कमी-जास्त बाहेर आहे असे समजून चक उतरवायचा आणि पिन जुळवायची. जोर लावून रेघ जागेवर आणणे हा उपाय नव्हे. तसेच स्पिंडलचा निमुळता भाग आणि चकची पाठ दोन्ही कोरड्या फडक्याने व नंतर बोटाने पुसायच्या. फडक्याला न लागलेला बारीक कण बोटाला लागतो. तो कण मधे राहिला तर चक तिरका बसतो, जॉब आऊट (केंद्र सोडून) फिरतो आणि तो दोष माणूस विनाकारण जबड्यांमध्ये शोधत बसतो.

चावीचा नियम मला मिस्त्रींनी एकदाच सांगितला. "चावी चकात हाय तवर हात चावीवर. हात सुटला की चावी भाईर." म्हणजे चावी चकमध्ये असेपर्यंत तिच्यावरचा हात काढायचा नाही, पट्टी उचलायची असो, कोणी हाक मारो किंवा फोन वाजो, आधी चावी बाहेर काढून तिच्या ठरलेल्या खिळ्यावर टांगायची आणि मग दुसरे काम. ही सवय बुद्धीने लागत नाही, हाताला लावावी लागते. म्हणून मशीन बंद असताना मी चावी घालणे, आवळणे, काढणे आणि टांगणे हा क्रम उगाचच करत बसलेला असे आणि येणारे-जाणारे माझ्याकडे पाहून हसत. ५०० आरपीएमच्या (मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या) वेगात चकच्या मध्यापासून २०० मिलिमीटरवर असलेले चावीचे टोक सेकंदाला सुमारे साडेदहा मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ३८ किलोमीटर वेगाने फिरेल, असा हिशोब मी कागदावर केला होता. मिस्त्रींनी तो ऐकून घेतला आणि चावी तेवढा वेग गाठायच्या आधीच बेडवर आपटून उडते, एवढी दुरुस्ती केली. बाजारात स्प्रिंगची चावी मिळते. तिच्यावरचा दाब सोडला की ती स्वतःहून बाहेर पडते. ती मी आणली. आवळताना ती सतत दाबून धरावी लागते म्हणून टर्नर लोक कुरकुरतात आणि काही ठिकाणी तिची स्प्रिंग काढूनच टाकतात. आमच्याकडे ती अजून शाबूत आहे.

चावीवर पाइप चढवून आवळण्याचा प्रश्न याच वेळी निघाला. पकड कमी वाटली की पाइप घालून हाताचा जोर वाढवायचा, ही सर्वत्र आढळणारी रीत. त्याने होते असे की चावीचा जोर ज्या छोट्या पिनियनवरून (दातेरी चाकावरून) स्क्रोलवर (तिन्ही जबडे एकदम सरकवणाऱ्या तबकडीवर) जातो, त्याचे दाते मोडतात किंवा चकचे तोंडच फाकते, आणि नंतर जबडे फक्त मागच्या बाजूला धरतात, पुढे सैल राहतात. त्या चकमधला जॉब आवळलेला वाटतो, पण तो पकडलेला नसतो. चक सहज आवळत नसेल तर बहुधा आत चिप साचलेली असते. आमचा ट्रू चक मी उघडला तेव्हा स्क्रोलच्या चक्राकार खाचेत बिडाचा चुरा आणि ऑइल यांचा काळा गोळा भरलेला होता. तो केरोसीन आणि ब्रशने काढल्यावर तीच चावी, तोच हात, आणि पकड मात्र लक्षात येण्याइतकी वाढली. कॉम्प्रेसरच्या हवेने चक साफ करू नये; हवेने चुरा बाहेर येण्याऐवजी आत घुसतो आणि उरलेला डोळ्यात जातो.

जबडे परत बसवताना क्रम महत्त्वाचा असतो. त्यांच्यावर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि चकच्या खाचांवरही तेच आकडे असतात. स्क्रोलचे सुरुवातीचे टोक पहिल्या खाचेत दिसेपर्यंत चावी फिरवायची, ते किंचित मागे घेऊन पहिला जबडा सरकवायचा, पुढे फिरवून दुसरा, मग तिसरा. शेवटी तिन्ही जबडे मध्यापर्यंत मिटून पाहायचे. ते एकाच वेळी भेटले नाहीत तर क्रम चुकला आहे. मोठा जॉब धरताना जबडे चकच्या बाहेर किती आले आहेत, हे पाहणे मला सर्वांत उपयोगाचे वाटते. जबडा जितका बाहेर येतो तितके त्याचे स्क्रोलमध्ये गुंतलेले दाते कमी होतात. लांबीच्या एक तृतीयांशाहून जास्त बाहेर येऊ द्यायचा नाही, असा मिस्त्रींचा ठोकताळा आहे. तेवढ्यात जॉब मावत नसेल तर उलटे जबडे लावायचे किंवा मोठा चक घ्यायचा.

जॉब किती धरायचा आणि किती बाहेर ठेवायचा, इथे माझे जुने शिक्षण उपयोगी पडले. माइल्ड स्टीलवर २ मिलिमीटर खोल आणि फेऱ्यामागे ०.२ मिलिमीटर फीडचा (टूल पुढे सरकण्याचा) कट घेतला तर टूलवर साधारण ८० ते ९० किलोचा जोर येतो. हा जोर जॉबला चकमध्ये फिरवू पाहतो. समजा ४० मिलिमीटरच्या बॉसवर (मधल्या जाड गोल उंचवट्यावर) जबडे आवळले आहेत आणि १६० मिलिमीटरच्या फ्लँजवर कट चालू आहे. मग टूलचा जोर चौपट लांब हातावर काम करतो आणि जबड्यांना घर्षणाने चौपट जोर अडवावा लागतो. मिस्त्रींना हे आकडे ठाऊक नव्हते, पण लहान बॉसवर धरलेल्या मोठ्या फ्लँजवर ते हलका कट घेतात आणि शक्य असेल तिथे टेलस्टॉकचा (लेथच्या उजव्या टोकाकडच्या टेकूचा) आधार देतात, हे मी पाहिले होते. जॉब व्यासाच्या तिपटीहून अधिक बाहेर येत असेल तर त्याला सेंटरचा (टेलस्टॉकमधल्या अणकुचीदार टोकाचा) आधार हवाच, हा त्यांचा दुसरा ठोकताळा. आणि लांब सळी हेडस्टॉकच्या मागून बाहेर निघत असेल तर तो धोका समोर उभ्या असलेल्या माणसाला दिसतच नाही : वेग वाढला की सळीचे मोकळे टोक वाकते, वाकले की केंद्रापासून दूर जाते, दूर गेले की आणखी वाकते आणि शेवटी काटकोनात वळून मागे उभ्या असलेल्याला फटका देते. आमच्याकडे मागे सळी निघणार असेल तर ती आधी करवतीने कापून घेतात.

वेगाचा हिशोब सोपा आहे. कटिंग स्पीडला १००० ने गुणायचे आणि पाय (π) गुणिले व्यासाने भागायचे. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने माइल्ड स्टीलसाठी मिनिटाला ३० मीटर धरले तर ५० मिलिमीटरच्या शाफ्टला १९१ आरपीएम येतात. कार्बाइड टूलने बिडासाठी ८० मीटर धरले तर २०० मिलिमीटरच्या पुलीला १२७. गिअरच्या पाटीवर नेमका तो आकडा नसतो, म्हणून त्याखालचा घ्यायचा. परंतु टूल जो वेग सहन करते तो चकला सोसेलच असे नाही. चकच्या तोंडावर कमाल वेग कोरलेला असतो आणि बिडाच्या चकचा हा आकडा पोलादी चकपेक्षा बराच कमी असतो. शिवाय फिरताना जबडे स्वतःच्या वजनाने बाहेर ओढले जातात. अर्ध्या किलोचा जबडा ७० मिलिमीटर त्रिज्येवर ३०० आरपीएमला सुमारे साडेतीन किलोने बाहेर ओढतो, ६०० ला चौदा किलोने आणि १२०० ला छप्पन्न किलोने, कारण वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. बाहेरून धरलेल्या जॉबची पकड तितकी कमी होते. मिस्त्री एवढेच म्हणतात, "स्पीड वाढलं की जबडं भाईर पळायला बघत्यात."

हे सर्व झाल्यावर मशीन सुरू करण्याआधीचा शेवटचा टप्पा येतो आणि तो कधी वगळला जात नाही. गिअर न्यूट्रलमध्ये टाकायचा, कॅरेज (टूल नेणारा सरकता भाग) जिथपर्यंत कट जाणार आहे त्या शेवटच्या जागेपर्यंत हाताने न्यायची आणि चक हाताने पूर्ण एक फेरा फिरवायचा. जबडा टूलपोस्टला, कंपाउंड स्लाइडला किंवा बेडला कुठे घासतो का, ते याच वेळी कळते. मग खिळ्याकडे पाहून चावी टांगलेली असल्याची खात्री, मग चकच्या रेषेतून बाजूला उजवीकडे सरकून उभे राहणे, मग सर्वांत कमी वेगावर सुरुवात. मी पहिला कट घेतला तो एका मऊ शाफ्टवर. त्याबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नाही. टूलचा कोन मिस्त्रींनी लावून दिला होता आणि मी फक्त हँडल फिरवले.

माइल्ड स्टीलची चिप मात्र सांगण्यासारखी आहे. ती निळसर, गरम, लांब फितीसारखी सुटते, चकभोवती गुंडाळली जाते आणि फिरत्या पात्यासारखी चालते. ती हाताने ओढायची नाही, कापडाने तर नाहीच. मशीन थांबवून लोखंडी हुकाने काढायची. त्याहून चांगले म्हणजे ती लांब होऊच न देणे : फीड किंचित वाढवला किंवा टूलवर चिप ब्रेकर असला की ती तुकड्यांत मोडते. शाफ्ट पॉलिश करण्यासाठी एमरी पेपर जॉबभोवती गुंडाळून दोन्ही टोके बोटांत धरण्याची पद्धत ज्याने शोधली, त्याची बोटे शाबूत राहिली असतील का, याची मला शंका आहे. आम्ही एमरी लाकडी पट्टीला लावून वरून टेकवतो. कानस चालवायची असेल तर मूठ डाव्या हातात धरायची, म्हणजे कोपर फिरत्या चकवर येत नाही. हे उजव्या हाताच्या माणसाला अवघड जाते, मलाही गेले, पण जमते.

डॉग चकवर कास्टिंग बांधणे हा या सगळ्यातला सर्वांत रंगतदार भाग. चारही जबडे वेगवेगळे हलत असल्याने ओबडधोबड ओतीव त्यात धरता येते, पण केंद्र आपल्याला शोधावे लागते. आधी चकच्या तोंडावरील गोल रेषा पाहून जबडे अंदाजे सारख्या अंतरावर आणायचे, मग खडू टेकवून उंच बाजू पाहत, आणि पृष्ठभाग साफ झाल्यावर डायल (बारीक फरक दाखवणारे मापयंत्र) लावून. डायलने समोरासमोरच्या दोन जबड्यांवर ०.४० मिलिमीटरचा फरक दाखवला तर जॉब ०.२० नेच हलवायचा. म्हणजे एक जबडा तेवढा सैल करून समोरचा आवळायचा, आणि ही जोडी जुळली की दुसरी. डायल लावलेली असताना चक फक्त हातानेच फिरवायचा. बांधण्याआधी कास्टिंग टांगून हलक्या हातोडीने वाजवून पाहतात. स्वच्छ नाद आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत तडा असण्याची शक्यता धरून ते बाजूला ठेवतात. वाळू चिकटलेली असेल तर ती जबड्यांच्या जागेवरून तारेच्या ब्रशने काढावी लागते, कारण जबडा वाळूवर टेकला तर ती कटच्या जोराने चुरते आणि पकड ढिली होते. पहिल्या कटनंतर मशीन थांबवून चारही जबडे पुन्हा आवळायचे. डॉग चकचे जबडे अनेकदा चकच्या घेराबाहेर येतात आणि फिरताना ते दिसत नाहीत, तिथे फक्त धूसर करडी कड दिसते. एकाच बाजूला जड असलेल्या जॉबने मशीन थरथरू लागते. तेव्हा वेग कमी करायचा किंवा समोरच्या बाजूला तोलाचे वजन बांधायचे.

चकवर झाकायचे गार्ड मी दोन्ही मशीनवर बसवले, उघडले की मोटार बंद करणाऱ्या स्विचसह. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम २१ यंत्रांचे धोकादायक भाग झाकण्याविषयी होते. आमच्यासारखी पुष्कळ छोटी वर्कशॉप्स कामगारांच्या संख्येमुळे त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहत, पण जबड्याला कामगारांची संख्या कळत नाही. मोठा डॉग चक लावला की गार्ड आड येतो आणि मग तो वर करून, स्विच तारेने बांधून काम करण्याची इच्छा सर्वांना होते. मी त्याऐवजी मोठ्या घेराचा दुसरा गार्ड करून घेतला. जे साधन कामात अडथळा आणते ते टिकत नाही, हे मान्य करूनच ते बनवावे लागते. आयटीआयमधून दोन वर्षांचा टर्नर ट्रेड पूर्ण करून आलेला एक मुलगा सध्या आमच्याकडे आहे. त्याला थिअरी चांगली येते, आणि मिस्त्रींनी त्यालाही बंद मशीनवर चक उतरवण्यापासूनच सुरुवात करायला लावली आहे.

ड्रॉइंग काढण्याचे काम मी अजूनही करतो, फक्त आता वेगळ्या तऱ्हेने. वाळूच्या साच्यातून पॅटर्न (ज्याचा ठसा वाळूत उठवतात तो नमुना) सहज निघावा म्हणून ओतीव भागाच्या बाजूंना थोडा उतार ठेवतात. त्या उतारावर जबडे आवळले की ते जॉबला हळूहळू बाहेर ढकलतात, आणि कट लागताच तो सुटतो. पूर्वी पंपाच्या पुलीचा बॉस मी दिसायला नेटका, आखूड आणि उतरता काढत असे. आता त्या जागी निदान २५ मिलिमीटर लांबीचा, उतार नसलेला सरळ पट्टा ठेवतो आणि त्याच्याकडे बाण काढून "चकच्या पकडीसाठी, शेवटी कापून टाकावा" असे लिहितो. फाउंड्रीवाले त्यावर कुरकुर करतात, कारण सरळ पट्ट्याने पॅटर्न काढताना वाळूची कड तुटते आणि त्यात धातूही थोडा जास्त जातो. पॅटर्नवाल्याने त्यावर पट्टा निम्मा आखूड करण्याची तडजोड सुचवली होती. मी ड्रॉइंग मिस्त्रींपुढे ठेवले, त्यांनी जबड्याची रुंदी मोजली आणि २५ चा आकडा तसाच राहिला.